गप्प बसलेल्याचं मत कुठे धरायचं?

प्रश्न : आमच्या देवस्थान समितीचं इतिवृत्त मी लिहितो. परवा सभामंडपाच्या दुरुस्तीचा ठराव झाला. 12 महाजन (देवस्थानाचे सभासद) हजर, 9 जणांनी हात वर केले, तिघे गप्प. मी ‘सर्वांनुमते मंजूर’ लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, ‘एकमताने’ लिही. मुखत्यार म्हणाले, ‘एकवाक्यतेने’. बरोबर काय? – चिटणीस, पेडणे

उत्तर : आधी ‘र्वा’च्या डोक्यावरचं ते टिंब काढा. सर्व अधिक अनुमत, म्हणून सर्वानुमते. ‘सर्वांनी’ लिहायच्या सवयीने टिंब आपोआप पडतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते खोडता खोडता मी निवृत्त झालो.

‘एकमताने’ आणि ‘सर्वानुमते’ यांचा अर्थ जवळजवळ सारखाच. माझ्या कानाला मात्र थोडा फरक जाणवतो. एकमत म्हणजे सगळ्यांच्या मनात मुळातच एक गोष्ट. अनुमत यातला ‘अनु’ मागून येणारा : एकाने मांडायचं, बाकीच्यांनी मान्य करायचं. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, म्हणून इतिवृत्तात मला ‘सर्वानुमते’ आवडतो.

मुखत्यारांचा शब्द भारदस्त आहे, पण जागा चुकली. एकवाक्यता आली मीमांसकांकडून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांकडून. त्यांच्यातल्या जैमिनींचं सूत्र सांगतं की अर्थ एक असेल, आणि तोडल्यावर तुकड्यांना एकमेकांची गरज भासत असेल, तर ते सारं मिळून एक वाक्य. म्हणजे ही जुळणी बोलण्याची, मजकुराची. दोन साक्षीदारांच्या जबान्यांत एकवाक्यता असते. वर केलेल्या हातांत कसली?

आता ते तिघे. खरी अडचण त्यांचीच. म्हापशात एका वाचनालयाचं इतिवृत्त मीही लिहायचो. वर्गणीवाढीचा ठराव मी ‘सर्वानुमते’ म्हणून नोंदवला. पुढच्या सभेत तो वाचताच एक वयस्कर सभासद उठले : ‘‘मास्तर, मी हूं की चूं केलं नाही. माझी अनुमती तुम्ही आणलीत कुठून?’’ भर सभेत लाल शाईने दुरुस्ती करावी लागली. तेव्हापासून मी ‘बिनविरोध’ हा शब्द वेगळा राखून ठेवतो. विरोध कोणी केला नाही, एवढंच तो सांगतो. होकाराची हमी देत नाही. तुमच्या देवळात गाऱ्हाणं घालताना मागून ‘व्हय म्हाराजा’ असा आवाज उठतो ना, तिथे खुशाल सर्वानुमते म्हणा!

जाता जाता : ‘सार्वमताने मंजूर’ असंही लिहिलेलं मी पाहिलं आहे. तसं कृपा करून लिहू नका, निदान गोव्यात तरी. 16 जानेवारी 1967 ला इथे झालं ते सार्वमत. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, यावर दोन पानांना, म्हणजे संघप्रदेशाच्या चिन्हाला, 1,72,191 मतं पडली, विलीनीकरणाच्या फुलाला 1,38,170. विचारलं सगळ्यांना, पण एकमत झालं असं त्या काळी घराघरांतून चाललेले वाद ऐकलेला कुणीही म्हणणार नाही.

तुम्ही लिहा : ‘ठराव बिनविरोध मंजूर. बाजूने 9, तटस्थ 3.’ मात्र त्याआधी त्या तिघांना विचारून घ्या, तटस्थ होते की जेवणानंतर डोळा लागला होता.