जुनी बॉक्स्टर : आधी रबर, मग स्प्रिंग

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची पोर्श बॉक्स्टर (९८७) आहे, ६२ हजार किलोमीटर झालेत. गतिरोधकावर पुढून खडखड येते आणि अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. गॅरेजवाले म्हणतात, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) टाकून गाडी ३० मिलिमीटर खाली घ्या, सगळं सुटेल. टाकू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नका टाकू, निदान आत्ता तरी. ही लक्षणं बहुतेक वेळा झिजलेल्या रबराची आणि बॉल जॉइंटची (चाकाला सगळीकडे वळू देणाऱ्या गोल सांध्याची) असतात. इतक्या वर्षांच्या उन्हाने बुश (सांध्यांतली रबरी आवरणं) कडक होऊन चिरतात, मग मीटर काहीही दाखवो.

आधी टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढा जुना टायर बदलाच. मग अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही लिंक सोडून गतिरोधकावरून हळू न्या. आवाज गेला तर दोषी लिंकच, आणि खर्च किरकोळ. नाही गेला, तर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाचं) टॉप माउंट, म्हणजे वरची बैठक, पहारीने हलवून बघा.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि मिस्त्री बोल्ट पूर्ण आवळतो. बुशाचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. बोल्ट हाताने लावा, हबखाली (चाकाच्या मधल्या भागाखाली) जॅक देऊन तेच माप आणा, मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. हे समोर उभं राहून करून घ्या.

त्यानंतर शॉकअप. मूळ उंची ठेवायची तर बिल्स्टाइन बी६ चांगले. बी८ आखूड स्प्रिंगसाठी असतात. गाडीत पीएएसएम (पोर्शचे विजेवर कडकपणा बदलणारे शॉकअप) असेल तर साधे शॉकअप घेऊ नका, डॅशबोर्डवर इशारा लागतो. शेवटी फोर-व्हील अलाइनमेंट (चारही चाकांचे कोन जुळवणं), आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांच्या प्रिंटसह.

आणि खाली घेणं? स्ट्रट सस्पेन्शनमध्ये लोअर आर्म आडव्याच्या वर गेला की वळणावर कॅम्बर, म्हणजे पकड देणारा चाकाचा आतला कल, वाढायचा थांबतो. शिवाय चाकाला वर-खाली हलायला जागा उरत नाही. वळणात खड्डा आला की मागचा स्ट्रट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळतो, आणि इंजिन मध्यभागी असलेली ही गाडी तेव्हा एकदम पकड सोडते. दिसण्यासाठी हा सौदा आम्हाला महाग वाटतो.

प्रश्न : एकाच बाजूचा शॉकअप गळतोय, तेवढाच बदलला तर?

उत्तर : नाही. त्याच एक्सलची जोडी बदला, सोबत बंप स्टॉप आणि धूळरोधक रबरही नवं. रॉडचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू देऊ नका. रॉड गरगर फिरला की आतलं सील पहिल्याच दिवशी जाऊ शकतं.