प्रोबेशनचं पत्र आलंय, आणि कोर्स ड्रॉप करायची घाई झालीय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत एमएसची पहिली सेमिस्टर संपली, तीन कोर्सना बी, सी, बी मिळाले, जीपीए (ग्रेडची सरासरी) २.६७ झाला आणि ग्रॅज्युएट स्कूलकडून ‘अकॅडेमिक प्रोबेशन’ची मेल आली. आता एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा जातो का, आणि दुसऱ्या सेमिस्टरचा अवघड कोर्स आत्ताच ड्रॉप करू का? पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर, पोर्टलवर बोट ठेवण्याआधी हे पूर्ण वाच. वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय.

हे पत्र मलाही आलं होतं. विषयाची ओळ वाचूनच पोटात गोळा आला आणि मी अकरा दिवस मेल उघडलीच नाही. आत काय होतं? ॲडव्हायजरला दहा दिवसांत भेटा, एवढंच. म्हणजे उघडली तेव्हा मुदत कालच संपली होती!

प्रोबेशन ही विद्यापीठाची स्वतःची ताकीद असते. बहुतेक ठिकाणी मास्टर्सला ३.० आणि बॅचलर्सला २.० च्या खाली गेलास की ती मिळते. इमिग्रेशनच्या दृष्टीने तू अजून पूर्णवेळ विद्यार्थी आहेस, सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद चालू आहे, विषय संपला. मात्र टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करणारा पगारी विद्यार्थी) असशील तर नेमणुकीचं पत्र काढून वाच. त्यात बऱ्याचदा ३.० ची अट असते, आणि ती मोडली तर पगारासोबत फी-माफीही जाते. व्हिसाच्या भीतीत हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

आता कागद घे. तिन्ही कोर्स तीन-तीन क्रेडिटचे धरू. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. बेरीज ८, भागिले ३, म्हणून २.६७. पुढच्या तीन कोर्सना सरळ बी, बी, बी मिळाले तर एकूण १७ भागिले ६, म्हणजे २.८३. सुधारणा आहे, पण प्रोबेशन सुटत नाही. एक ए आणि दोन बी मिळाले तर १८ भागिले ६, बरोबर ३.००. काठावर, पण पार. म्हणजे तुला तीन ए नकोत, एक हवा. कोर्स निवडताना तो कुठे मिळेल एवढाच विचार कर. रेझ्युमेवर काय छान दिसेल ते पुढच्या वर्षी. आणि सी मिळालेला कोर्स परत करणार असशील तर आधी कॅटलॉग (विद्यापीठाची नियमपुस्तिका) बघ. पुष्कळ ग्रॅज्युएट स्कूल जुना ग्रेड पुसत नाहीत, दोन्ही धरतात.

ड्रॉप करायचा मोह का होतो ते मला ठाऊक आहे. ड्रॉप केलेल्या कोर्सपुढे ग्रेडऐवजी येणारा डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही. माझ्या रूममेटने हेच केलं. मिडटर्म वाईट गेली, रात्री दोनला पोर्टल उघडलं, तीन क्रेडिटचा कोर्स काढून टाकला आणि शांत झोपला. पोर्टलने एक शब्द विचारला नाही. पण नऊचे सहा झाले, आणि एफ-१ वर पूर्णवेळ भार सक्तीचा असतो (बॅचलर्सला १२ क्रेडिट, मास्टर्सला विद्यापीठ ठरवतं, बऱ्याच ठिकाणी ९). आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या लक्षात आलं तेव्हा त्याची सेव्हिस नोंद बंद झाली. जीपीए वाचला, मुलगा घरी गेला.

भार कमी करता येतो, पण डीएसओची (आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला सेव्हिस सांभाळणारा अधिकारी) परवानगी आधी लागते. इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये बसवलं जाणं, या कारणांसाठी एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते, आणि किमान निम्मा भार ठेवावाच लागतो. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर एकूण १२ महिन्यांपर्यंत. नैराश्य, झोप उडणं हेही आजारपणच आहे. तसं काही असेल तर लपवू नकोस. ‘सोपा ऑनलाइन कोर्स घेऊन भरून काढतो’ ही पळवाटही फार लांब जात नाही, कारण पूर्ण भारात एका सत्रात ऑनलाइनचा एकच कोर्स किंवा तीनच क्रेडिट मोजले जातात.

सस्पेन्शन मात्र वेगळं प्रकरण. तिथे प्रवेशच थांबतो, म्हणून सेव्हिसही थांबतं. पदवी पूर्ण केल्यावर देश सोडायला मिळणारे ६० दिवस इथे लागू नाहीत. डीएसओच्या संमतीने आधी बाहेर पडलास तर १५ दिवस मिळतात, नोंद टर्मिनेट झाली तर एकही नाही. दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर करायची झाली तर नोंद चालू असतानाच हलवलेली बरी.

पत्रात सुधारणा आराखडा किंवा अपील मागितलं असेल तर माझी फजिती ऐक. पहिल्या मसुद्यात मी थंडी, आजीचं आजारपण, प्राध्यापकांचे उच्चार सगळं घातलं आणि शेवटी लिहिलं, ‘यापुढे जास्त मेहनत घेईन.’ ॲडव्हायजरने नेमक्या त्याच ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “सोमवारी किती वाजता?” दुसऱ्या मसुद्यात मी कॅम्पसवरची नोकरी आठवड्याला २० तासांवरून १० वर आणल्याचं लिहिलं, नवं वेळापत्रक जोडलं, कुठल्या दिवशी कोणाच्या ऑफिस अवर्सना बसणार ते लिहिलं. आजी एका वाक्यात उरली. ते पत्र चाललं.

घरी सांगायचं की नाही, हेही विचारलं आहेस. विद्यापीठ सांगणार नाही. १९७४ च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्याने तुझे ग्रेड तुझ्या लेखी संमतीशिवाय सहसा आईवडिलांनाही दाखवत नाहीत. बाबांनी फोन केला तरी पलीकडून गोड नकारच येईल. माझं मत, तूच सांग, पण आधी वरची आकडेमोड पक्की कर. ‘२.६७ आहे, एक ए मिळवला की सुटतो’ हे वाक्य घेऊन फोन केलास तर निम्मी रडारड वाचते.

ॲडव्हायजर आणि डीएसओ, दोघांना आजच मेल कर, दोन वेगळ्या. आणि या सेमिस्टरचे तीन कोर्स कुठले घेतलेत ते कळव, ए कशात निघतोय ते बघू.