मुलगा म्हणतो, देव हवा पण धर्म नको

प्रश्न : दादा, आम्ही शिरपूर तालुक्यातले. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, स्वभावाने चांगला, पण हल्ली म्हणतो मला धर्म-बिर्म नको, मी स्पिरिच्युअल आहे. रोज सकाळी मोबाईलवर लावून ध्यानाला बसतो. गावात मंदिराच्या कामाला घरटी वर्गणी ठरली तर हा म्हणे आधी हिशोब दाखवा, त्यावरून बापलेकाचं बोलणं बंद. आता श्रावणात कानबाई आहे, आमच्या खानदेशातला घरच्या देवीचा सण, आणि येत नाही म्हणतोय. माझ्यामागे घरचे नैवेद्याचे रोट कोण करणार? आमचं काही चुकलं का?
– एक आई

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि पोरगा नास्तिक झालाय असंही मला वाटत नाही. जो रोज पहाटे उठून डोळे मिटून बसतो त्याला आतून काहीतरी हवंच आहे ना. आणि हे तुमच्याच घरात चाललंय असं नाही. अमेरिकेत गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनगॉग नाहीतर मशिदीचे सभासद होते, २०२० मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले. आपल्याकडे प्यू रिसर्च या संस्थेच्या २०२१ च्या अहवालात ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलंय, पण आपल्या देवळांना सभासदाची पावती नसते, त्यामुळे कोण मनाने लांब गेलं ते कुठे मोजलं जात नाही, ते घरातच कळतं.

वर्गणीचं आधी बोलतो, कारण त्यात मुलगा बरोबर आहे. मंदिराचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे त्याला हिशोब ठेवावाच लागतो, तो मागितला म्हणजे देवाचा अपमान होत नाही. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे, म्हणजे देवळाच्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क १९७३ च्या कायद्याने गेले, भांडण कोर्टात चाललं आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टात संपलं, वारी काय आटली का? आपल्या अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले, त्यांच्याइतका भाविक माणूस शोधून सापडायचा नाही. देवळाला जाब विचारणारा माणूस धर्माबाहेरचा असतो हे डोक्यातून काढा.

पण कानबाईच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मुलगा ज्या व्यवस्थेला कंटाळलाय ती इथे आहेच कुठे? कानबाईला ट्रस्ट नाही, महंत नाही, दानपेटी नाही. नागपंचमीनंतरचा रविवार, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, त्याच पिठाचे रोट, रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. आणि खरी गोष्ट अशी की रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेर द्यायचे नाहीत, म्हणजे बांधावरून वर्षभर तोंड न पाहिलेला चुलता पण त्या दिवशी शेजारी पाटावर बसतो आणि वहिनी अजून एक रोट घ्या म्हणते. हे काम ध्यानाने होत नाही. ध्यानाने मन शांत होतं, चांगलंच आहे, करू दे त्याला, पण घरात कुणी गेलं की दहा दिवस ओट्यावर येऊन बसणारी माणसं मोबाईलमधून येत नाहीत, ती अशाच जेवणांनी धरून ठेवलेली असतात.

आता एक गोष्ट मला पण खटकते ती सांगतोच. मूठ पुरुषांच्या नावाची आणि दळण, रोट, चूल, जागरण सगळं बायांचं. मुलाने विचारलं की बहिणीच्या नावाची मूठ का नाही, तर त्याला गप्प करू नका, या वर्षी घाला तिच्या नावाची, कानबाई बाईच आहे, ती काय रागावणार! त्याला "परंपरा आहे म्हणून ये" असं म्हणू नका, "चक्कीवरून पीठ आणायला आणि नदीवर कानबाई न्यायला माणूस पाहिजे" असं सांगा, कामाला बोलावलं की पोरं येतात.

आणि त्याच्या बाबांना म्हणावं, मंदिराच्या पुढच्या मिटिंगला हिशोबाचा विषय तुम्हीच काढा, पोराच्या तोंडून निघाला तर गावाला उद्धटपणा वाटतो, वडीलधाऱ्याने विचारलं की कमिटीला वही उघडावी लागते.