आरोग्यविमा : पॉलिसी बदलावी की तीच चालू ठेवावी?

प्रश्न : मी अमळनेर येथील निवृत्त शिक्षक असून माझे वय 68 आणि पत्नीचे 64 आहे. आम्हा दोघांची मिळून 3 लाख रुपयांची पॉलिसी गेली नऊ वर्षे एकाच कंपनीकडे आहे. मला मधुमेह व रक्तदाब आहे. यंदा हप्ता बराच वाढला आहे. दुसऱ्या कंपनीचे एजंट जवळपास तेवढ्याच हप्त्यात 10 लाखांचे संरक्षण देतो असे सांगतात आणि जुनी पॉलिसी सोडून द्या म्हणतात. नूतनीकरणाला दोन महिने आहेत. काय करावे?

उत्तर : जुनी पॉलिसी सोडून नवी घेऊ नका. कंपनी बदलायचीच असेल तर पॉलिसी ‘पोर्ट’ करून, म्हणजे जुन्या पॉलिसीत मिळवलेले हक्क सोबत घेऊन, बदला. या दोन मार्गांत जो फरक आहे, तो आपल्या वयाला लाखो रुपयांचा ठरू शकतो.

आपण नऊ वर्षे खंड न पडू देता हप्ते भरले आहेत, त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाबासाठीचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) केव्हाच संपला आहे. एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठी हा कालावधी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो; पूर्वी तो 48 महिन्यांपर्यंत असे. शिवाय सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘आजाराची माहिती दडवली’ या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. नवी पॉलिसी घेतली की हे सगळे शून्यापासून सुरू होते. पोर्ट केल्यास जुन्या 3 लाखांपुरता आणि त्यावर जमलेल्या बोनसपुरता हा हक्क आपल्याबरोबर नव्या कंपनीत येतो. वाढीव रकमेसाठी मात्र तेथेही प्रतीक्षा कालावधी नव्याने मोजला जातो, आणि ‘10 लाख’ हा आकडा सांगताना ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही.

पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान 45 दिवस द्यावा, म्हणजे आपल्या हातात सुमारे पंधरा दिवस आहेत. वयाची 65 ची अट आता राहिलेली नसली, तरी अर्ज स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार नव्या कंपनीला आहेच, आणि मधुमेहाची नोंद पाहून ती नकार देऊ शकते. म्हणून नव्या कंपनीचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीची तारीख चुकू देऊ नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मिळते खरी, पण तारीख उलटल्यापासून हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर त्या खर्चाला संरक्षण नसते. अर्ज स्वतः वाचून, दोन्ही आजार आणि चालू औषधे लिहूनच सही करा. एजंटने कोऱ्या अर्जावर सही मागितली तर देऊ नये.

त्याआधी आपल्या आहे त्याच पॉलिसीचे माहितीपत्रक घेऊन बसावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या या पत्रकात मर्यादा आणि अटी थोडक्यात दिलेल्या असतात. त्यात सर्वांत आधी खोलीभाड्याची मर्यादा पाहा, कारण ज्येष्ठांच्या क्लेममधून पैसे कापले जाण्याचे एक मोठे कारण तेच असते. समजा मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये आहे, आणि आपण 6,000 रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिलात. बिल 2 लाखांचे झाले : खोली 24,000, शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ, डॉक्टरांच्या भेटी वगैरे 96,000, आणि औषधे, तपासण्या, इम्प्लांट 80,000. खोलीप्रमाणे दर बदलणाऱ्या रुग्णालयात कंपनी खोलीचे निम्मे पैसे कापते, आणि त्याच प्रमाणात डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्मा धरते. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांटला हे प्रमाण लावता येत नाही. म्हणजे 12,000, 48,000 आणि 80,000 मिळून 1,40,000 रुपये मान्य झाले. पॉलिसीत 20 टक्के को-पे (मान्य रकमेतला रुग्णाने सोसायचा हिस्सा) असेल तर त्यातूनही 28,000 गेले. हाती 1,12,000 आले आणि 88,000 रुपये पदरचे भरावे लागले, तेही 3 लाखांची पॉलिसी असताना. हप्ता थोडा जास्त असला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी ज्येष्ठांनी निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे.

खान्देशातील वाचकांनी आणखी एक कलम जरूर पाहावे. अनेक कंपन्या शहरांचे गट पाडून हप्ता ठरवतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारचा पत्ता असला की हप्ता कमी बसतो. मात्र काही पॉलिसींत महागड्या गटातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाला सोसावा लागतो. आपल्याकडे हृदयाचे किंवा कर्करोगाचे मोठे काम निघाले की नाशिक, मुंबई, आणि नंदुरबारकडील मंडळींना सुरत गाठावे लागते. तेव्हा या शहरांतील उपचारांना कोणती अट लागू होते, हे कंपनीला ई-मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटच्या तोंडी आश्वासनाचा क्लेमच्या वेळी उपयोग होत नाही.

वाढलेल्या हप्त्याबद्दल दोन गोष्टी तपासा. विमा नियामकाने 30 जानेवारी 2025 रोजी दिलेल्या निर्देशानुसार, ज्येष्ठांच्या पॉलिसींचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. म्हणून वाढीचे कारण लेखी मागा. तसेच 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तो आपल्या नोटिशीत आकारलेला नाही ना, हे पाहा.

पॉलिसीतील अटी समाधानकारक निघाल्या आणि अडचण फक्त अपुऱ्या रकमेची असेल, तर कंपनी बदलण्यापेक्षा 3 लाखांपुढील खर्चासाठी सुपर टॉप-अप घेणे अधिक सोयीचे पडेल. वर्षभरातील बिलांची बेरीज 3 लाखांच्या वर गेली की तो लागू होतो आणि त्याचा हप्ता तुलनेने कमी असतो. त्यालाही प्रतीक्षा कालावधी आहे, म्हणून लवकर घेतलेला बरा.

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. सासरे 74 वर्षांचे व सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. सासऱ्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढले आहे. आता दोघांच्या खासगी पॉलिसीचा हप्ता भरण्याची गरज आहे का?

उत्तर : 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, या कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्याला प्रतीक्षा कालावधी नाही, आणि खासगी पॉलिसी असली तरी कार्ड चालते. आपण कार्ड काढलेत हे फार चांगले केले. पण उपचार योजनेत नोंदवलेल्या रुग्णालयांतच आणि ठरलेल्या पॅकेजप्रमाणेच होतात, आणि 67 वर्षांच्या सासूबाई त्यात येत नाहीत. (शिधापत्रिकेवर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ त्यांना मिळू शकेल, तो जरूर तपासा.) खासगी पॉलिसी आज बंद केली तर या वयात ती पुन्हा मिळवणे कठीण जाईल, म्हणून शक्यतो बंद करू नये. बागेचा पैसा हाती येण्याच्या आणि हप्त्याच्या वेळा जुळत नसतील तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय आहे का ते विचारा. तरीही ओढाताण होत असेल तर नूतनीकरणाच्या वेळी विमा रक्कम कमी करून घ्या, पण पॉलिसी चालू ठेवा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी शहादा येथे राहतो, दोघेही साठीच्या पुढे आहोत. मुलगा पुण्यात नोकरीला असून त्याच्या कंपनीच्या गटविम्यात आमची नावे आहेत. वेगळी पॉलिसी हवी का?

उत्तर : हवी. मुलाने नोकरी सोडली की गटविमा संपतो, आणि तेव्हा आपले वय आणि आजार दोन्ही वाढलेले असतील. लहान रकमेची का होईना, स्वतःची पॉलिसी आजच घेतली तर गटविमा चालू असतानाच तिचा प्रतीक्षा कालावधी सरून जाईल. हप्ता मुलाने भरला आणि तो जुन्या करप्रणालीत असेल, तर ज्येष्ठ आई-वडिलांसाठी त्याला 50,000 रुपयांपर्यंतची वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. बऱ्याच कंपन्यांत आई-वडिलांची नावे गटविम्यात ठेवण्याचा पर्याय दरवर्षी नव्याने, मोजक्याच दिवसांत निवडावा लागतो, त्यामुळे ती तारीख कोणती, हे मुलाला विचारून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.