ग्रंथालयातलं पुस्तक काढायला सांगतायत? आधी लेखी मागा

ताई, पाकिस्तानवरचं मुलांचं चित्रांचं पुस्तक काढा म्हणून दबाव येतोय आणि हेडसर म्हणतायत गुपचूप कपाटात टाका, विषय मिटेल, हे वाचून राहवलं नाही. मिटत नाही हो. मी साताऱ्यात ग्रंथपाल होतो तेव्हा सेम हेच झालं. पतंग उडवणारी पोरं, बाजार, शाळा, एवढंच होतं त्या पुस्तकात. कुणीतरी एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला आणि वरच्या ऑफिसातून फोन, पुस्तक जमा करा. लेखी द्या म्हटलं तर "फोनवर सांगितलंय ना". शिपाई येऊन घेऊन गेला, पोच मागितली तर साहेबांना विचारा म्हणे. पुढं पुस्तकांच्या पडताळणीला त्याच ऑफिसचा माणूस दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नंबरवार यादीत, त्या पुस्तकाच्या नंबरावर बोट ठेवून विचारतो, पुस्तक कुठाय, आणि किंमत ग्रंथपालाकडून वसूल करा असा शेरा मारून जातो! रक्कम किरकोळ होती, पण चोरीचा आळ आल्यासारखं झालं, अजून चीड येते.

तक्रार करणाऱ्याला मात्र झिडकारू नका. आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर गेला त्यांना ते पान टोचणारच. अमेरिकेत मायामीत 2006 ला क्युबावरच्या मुलांच्या पुस्तकावरून असंच पेटलं होतं, तक्रार करणारा बाप स्वतः क्युबात राजकीय कैदी होता. क्युबातली माणसं तुमच्यासारखीच खातात, काम करतात, शाळेत जातात असं पुस्तकात होतं आणि हुकूमशाहीबद्दल काहीच नव्हतं, हा त्याचा राग. दोन समित्या ठेवा म्हणाल्या तरी स्कूल बोर्डानं 6 विरुद्ध 3 मतांनी काढलं, वर त्या मालिकेतली बाकीच्या देशांवरचीसुद्धा! खालच्या कोर्टानं अडवलं, पण 2009 ला अपील कोर्ट 2 विरुद्ध 1 नं बोर्डाच्या बाजूनं गेलं. म्हणजे कोर्टात जिंकालच असं धरू नका. पण तिथं कोण काय म्हणालं ते नावानिशी कागदावर आहे, आपल्याकडं नुसता फोन.

माझं स्पष्ट मत, पुस्तक काढण्यापेक्षा शेजारी दुसरी बाजू सांगणारं अजून एक आणून ठेवावं. तरी काढायचंच ठरलं तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव होऊ दे. मी वकील नाही, तुमची शाळा खाजगी असेल तर नियम वेगळे असतील, विचारून घ्या.

आणि फोन आला की त्याच दिवशी "आपण आज फोनवर असं सांगितलंत, कृपया लेखी आदेश द्यावा" असं पत्र पाठवा, जावक नंबर टाकून, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.