साखरेला स्नायूत वाट कोण करून देते?

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून सात वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेत आहे. इन्सुलिन ही किल्ली आहे, ती पेशीचे दार उघडते आणि साखर आत जाते, असे मला सांगण्यात आले होते. माझ्या तपासणीत मात्र इन्सुलिन भरपूर निघाले आणि साखरही वाढलेलीच होती. उलट रात्री जेवणानंतर अर्धा तास चाललो, तर ग्लुकोमीटरवरचा आकडा खाली येतो. किल्ली निकामी झाली असेल, तर चालण्याने दार कसे उघडते? आणि ते तसे उघडत असेल, तर इंजेक्शन घेणाऱ्यांना ती बंद का करता येत नाहीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : किल्लीची उपमा सोयीची असली तरी तुमचा प्रश्न नेमका ती अपुरी पडते तिथलाच आहे. कुलूप उघडण्यासाठी दार आधी भिंतीत बसवलेले असावे लागते. स्नायूपेशीत बहुतेक दारे भिंतीत नसतातच, ती आत ठेवलेली असतात.

ग्लुकोजला पेशीपटलातून स्वतःहून आत जाता येत नाही, त्यासाठी वाहक प्रथिन लागते. स्नायूतील प्रमुख वाहकाला ग्लुट-४ म्हणतात आणि विश्रांतीच्या वेळी त्याचा बराचसा साठा पेशीच्या आत सूक्ष्म पिशव्यांमध्ये पडून असतो. जेवणानंतर रक्तात वाढलेले इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जोडले जाते, तिथून निघालेला संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात एकेटी नावाच्या विकरापर्यंत (एन्झाइमपर्यंत) पोहोचतो आणि त्यानंतर त्या पिशव्या पेशीपटलाकडे सरकून त्यात मिसळतात. इन्सुलिन ओसरले की वाहक पुन्हा आत ओढले जातात. आत आलेल्या ग्लुकोजला लगेच फॉस्फेट जोडला जातो. तो काढून ग्लुकोज मोकळे करणारे यकृतातील विकर स्नायूत नसल्यामुळे ती साखर रक्तात परत जात नाही. ती जाळली जाते किंवा ग्लायकोजेनच्या रूपात साठते.

या कामात स्नायूंचा वाटा किती मोठा आहे, हे राल्फ डीफ्रॉन्झो यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या क्लॅम्प पद्धतीमुळे मोजता आले. या पद्धतीत शिरेतून इन्सुलिन देत असतानाच, रक्तशर्करा स्थिर राहील इतके ग्लुकोजही सोडतात. निरोगी माणसात अशा वेळी शरीराने घेतलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के स्नायूंकडे गेल्याचे आढळले. (रोजच्या जेवणानंतर यकृतही आपला हिस्सा घेते, त्यामुळे हे प्रमाण इतके नसते.)

आता तुमच्या अहवालाकडे वळू. टाइप-२ मधुमेहात स्नायूतील ग्लुट-४ चा एकूण साठा बहुधा फारसा घटलेला नसतो. क्षीण होतो तो संदेश, आणि त्यामुळे पुरेशा पिशव्या पटलापर्यंत येत नाहीत. स्नायूपेशीत साचलेल्या मेदाचे काही घटक या संदेशात अडथळा आणतात. भरपाई म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते, म्हणूनच दोन्ही आकडे एकाच वेळी चढे दिसतात. यात वजनकाट्यावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती : दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के.

चालताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते आणि ऊर्जेचा खर्च जाणवून एएमपीके नावाचे विकर जागे होते. हे संकेत ग्लुट-४ ला वेगळ्याच वाटेने पटलावर आणतात आणि टाइप-२ मधुमेहात ही वाट बऱ्याच अंशी शाबूत असते. व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्सुलिनला काही तास, कधी एक-दोन दिवसही, अधिक चांगला प्रतिसाद देतात. आपल्याकडील शतपावलीची प्रथा म्हणूनच शहाणपणाची आहे, फक्त पावले शंभरावर थांबवू नयेत.

इंजेक्शनची गरज मात्र याने संपत नाही, कारण इन्सुलिनचे काम स्नायूपुरते नाही. यकृतातून रक्तात सुटणारी साखर आणि मेदपेशींतून सुटणारी मेदाम्ले यांवरही त्याचाच लगाम असतो. टाइप-१ च्या रुग्णाच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ नसेल, तर व्यायामाने साखर आणि कीटोन (मेदाम्लांपासून यकृतात बनणारी आम्लधर्मी द्रव्ये) दोन्ही वाढू शकतात. उलट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर चालण्याने अति उतरू शकते. तुमच्या गोळ्या कोणत्या आहेत हे पत्रात नाही, तेव्हा चालण्याची वेळ वाढवण्यापूर्वी ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.