म्हापशातून अमेरिकेला काजूगर पाठवताना नव्या सीमाशुल्क नियमांसाठी काय तयारी करावी?
२९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी बंद झाली आहे, त्यामुळे शुल्क आपण भरणार की ग्राहक, हे दर सांगण्यापूर्वीच कुरिअरवाल्यांकडून लेखी ठरवून घ्यावे. माझ्या मते खरी काळजी वर्गीकरणाची घ्यावी: आपल्याकडे सीमाशुल्कासाठी अख्ख्या काजूगराचा वर्गीकरण क्रमांक ०८०१३२२० आणि तुकड्यांचा ०८०१३२१० असल्याने, दोन्ही एकाच खोक्यात भरल्यास बीजकावर त्यांचे वजन व किंमत वेगवेगळी दाखवावी. खाद्यपदार्थ असल्यामुळे तिथल्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) पूर्वसूचनाही द्यावी लागते. आयात-निर्यात कोड (निर्यातदाराचा सरकारी ओळख क्रमांक) मात्र, काहीही बदललेले नसले तरी, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावाच; तो निष्क्रिय झाला तर बांधून ठेवलेला माल अडकून पडतो.